खुडायची पहाटे, फुलायची रात्री

कुंभकोणममध्ये जुई संध्याकाळी उमलते, पण वेलीवर क्वचितच. उमलायची घटका येते तेव्हा ती कुणाच्या तरी वेणीत असते, आदिकुंभेश्वराच्या देवळात मंगळांबिकेच्या गळ्यात असते, मयिलाडुदुरैला निघालेल्या बसच्या काचेमागच्या हारात असते, नाहीतर फुलवालीच्या परडीत ओल्या केळीच्या पानाखाली असते. जिच्या अंगावर ती धरली ती वेल त्या वेळी परसात नुसती हिरवीगार उभी. कळ्या पहाटेच खुडून नेलेल्या.

आपल्याकडच्या बागप्रेमी माणसाला हे जरा चमत्कारिक वाटेल. आपण रात्री फुलणारी वेल लावतो ती खिडकीतून वास आत यावा म्हणून. फाटकावर चढवतो, गच्चीच्या कठड्यावरून सोडतो, आणि तिनं आपापल्या जागी फुलावं अशी अपेक्षा धरतो. कावेरीकाठच्या या गावात वेल जोपासणाऱ्या बाईला विचारा, ती वेलीकडे बागेचा दागिना म्हणून बघतच नाही. तिच्या लेखी ती दुभती गाय आहे. चारा किती घातला, दूध किती निघालं आणि आटली तर पुन्हा कशी आणायची, एवढंच. गंमत अशी की या रोकड्या हिशेबामुळेच कुंभकोणमच्या परसातली जुई टपोरी फुलते, आणि आपल्या सौंदर्यदृष्टीत वाढलेली वेल तीन मजले चढूनही मूठभर फुलं देत नाही.

आधी नावांचा घोळ मिटवून टाकतो, कारण बाजारात उभं राहिल्यावर मराठी माणूस हमखास गडबडतो. तमिळमध्ये मल्ली म्हणजे आपला मोगरा. मुल्लै म्हणजे जुई. पिच्ची किंवा जातिमल्ली म्हणजे जाई, जिला कुणी चमेलीही म्हणतं. कळीच्या पाठीवर गुलाबी छटा असते ती. तिघी एकाच कुळातल्या, तिघी अंधार पडताना उमलणाऱ्या. जुई ओळखायची ती पानावरून. मुख्य पान मऊसर, आणि त्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना इवलीशी दोन पानं, कधी असतात कधी नसतात, पण असली की कानांसारखी दिसतात. कोपनहेगनच्या मार्टिन व्हालनं १७९४ साली जुईला शास्त्रीय नाव दिलं ते या कानांवरूनच. त्या काळी इथून जवळच्या तरंगमबाडीला डॅनिशांची वसाहत होती आणि लिनियसचा शिष्य योहान केनिग १७६८पासून पुढे बरीच वर्षं या किनाऱ्यावरच्या वनस्पती वाळवून युरोपात धाडत होता. कावेरीच्या मुखाशी वाढणारं रानपरसातलं गवतसुद्धा त्या दिवसांत लॅटिन नाव घेऊन परत येत होतं.

*

कुंभकोणमला मराठी पाऊल पडलं ते तंजावरमार्गे. शिवाजीराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं आणि भोसल्यांची गादी तिथे १८५५पर्यंत टिकली. दरबाराबरोबर कारकून, पुराणिक, वैद्य, हरदास आले. तंजावरपासून कुंभकोणम चाळीसेक किलोमीटर. कावेरी आणि अरसलार या दोन पात्रांच्या मधली सुपीक पट्टी. इनामं मिळाली, घरं झाली. आजही गावात डबीर या नावाचे रस्ते आहेत. पाटीवर ते तमिळ लिपीत वाचताना क्षणभर थबकायला होतं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावात जन्मले, आणि इंदूरचेच दिवाण झालेले त्यांचे चुलतबंधू रघुनाथराव १८३१ साली. दोघेही देशस्थ मराठी घरातले.

इथल्या मराठी माणसांवर लिहिताना वेलीची उपमा हाताशीच असते. परक्या मांडवावर चढली, तिथलीच झाली वगैरे. ती वापरायची नाही असं मी ठरवलंय. एक तर ही माणसं साडेतीनशे वर्षांत कुणाच्या आधारानं उभी राहिलेली नाहीत. त्यांनी इथे राज्य केलं, ग्रंथालय वाढवलं, कीर्तनाची परंपरा रुजवली. दुसरं, जुई काही इकडून तिकडे गेलेली नाही. ती सह्याद्रीच्या पायथ्याला होती तशी कावेरीकाठीही होती. घरातून निघताना बाईनं रोप पदरात बांधून आणलं असेल, अशी भावुक कल्पना करण्याचं कारण नाही. तिला ते इथे परसात आधीच मिळालं.

मिळाली ती मात्र जुई लावायची निराळी रीत.

कुंभकोणमचं जुनं घर अरुंद आणि लांबलचक असतं. श्रीनिवास रामानुजन ज्या घरात वाढला ते शारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचं घर आता स्मारक म्हणून जपलेलं आहे. ते पाहिलं की सगळ्या गल्लीचा नकाशा कळतो. पुढे ओटा, तिन्नै म्हणतात तो. मग एकामागून एक खोल्या, मधे उजेडाचा चौक, स्वयंपाकघर, आणि अगदी मागे विहीर नि परसू, म्हणजे इथलं कोल्लै. रस्त्याकडून घराची बाग कुणालाही दिसत नाही. त्यामुळे शोभेच्या बागेचा प्रश्नच येत नाही. परसात जे लावायचं ते उपयोगाचं: केळ, कढीपत्ता, लिंबू, हादगा, विड्याच्या पानांची वेल, आणि जुई.

विड्याच्या पानांचा उल्लेख सहज केलेला नाही. कुंभकोणमची वेत्तिलै, म्हणजे खायची पानं, प्रसिद्ध आहेत आणि पानमळ्यात वेल चढवायला हादगा लावण्याची इथे जुनी चाल आहे. वेलीला आधार कसा द्यावा, कुठे बांधावं, कधी उतरवून खाली वळवावं, ही हातोटी या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. जुईला मात्र जिवंत झाडाचा आधार इथे देत नाहीत. दोघांच्या मुळांची मारामारी होते आणि सावली पडते. सुरूचे चार खांब रोवायचे, वर बांबूच्या कामट्यांची जाळी बांधायची, मांडव पुरुषभर उंचीचा करायचा. त्याहून उंच नाही, कारण कळी खुडणाऱ्या बाईचा हात पोचला पाहिजे.

इथेच आपला आणि त्यांचा रस्ता वेगळा होतो. आपण वेल वर जाऊ देतो. ती हात पोचेल तिथेच अडवतात.

*

जुईचं फूल नव्या फांदीला येतं. जुन्या लाकडावर नाही. हे एक वाक्य समजलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. वेल न कापता वाढू दिली तर तिचा जोर उंच चढण्यात, लाकूड जाड करण्यात आणि जुनी पानं पोसण्यात जातो. टोकाला थोडे नवे फुटवे येतात, तेही तिसऱ्या मजल्यावर, जिथं आपला हात नाही की नाकही नाही. म्हणून दर वर्षी वेल कापायची, आणि कापायची म्हणजे टोकं खुडायची नव्हे. कोइंबतूरचं तमिळनाडू कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांना सांगतं ते असं: मोगरा नोव्हेंबरच्या अखेरीस, जाई डिसेंबरच्या अखेरीस आणि जुई जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, जमिनीपासून सुमारे ४५ सेंटीमीटरवर. म्हणजे गुडघ्याच्याही खाली.

परसातल्या बाया सेंटीमीटर मोजत नाहीत, पण वेळ तीच पाळतात. पोंगल झाला की पाणी तोडायचं. आठ-दहा दिवसांत वेल मरगळते, पानं पिवळी पडू लागतात. मग कापायची, उरलेली पानंही ओरबाडून काढायची, बुंध्याभोवतीची माती हलवून मुळांना थोडं ऊन दाखवायचं. बघणाऱ्याला वाटतं, वेल संपली. मग शेणखत, दर वेलीला दहाएक किलो, त्यावर पाणी. पंधरवड्यात काड्यांवर लालसर डोळे फुटतात. मार्च सरता सरता पहिल्या कळ्या, आणि तिथून पुढे उन्हाळाभर, पावसाळाभर झुबके.

या छाटणीत एक व्यावहारिक अडचण असते आणि ती ऐकून मला मौज वाटली. मार्गळी महिन्यात, म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, तमिळ घरांत लग्नं करत नाहीत. तै महिना लागला की एकदम लगीनघाई. नेमकी तेव्हा थंडीमुळे फुलं कमी आलेली असतात आणि बाजारात मोगरा-जुईचा भाव किलोला हजारांत जातो. घरची वेल थोडी तरी फुलं देत असेल तर ती या दिवसांत कापायची कुणाच्या जिवावर येतं? आत्तेबहिणीचं लग्न होऊ दे, मग कापू. मग शेजारचं लग्न. असं करत छाटणी मार्चमध्ये गेली की बहर उशिरा येतो आणि ऑक्टोबरमधल्या ईशान्य मोसमीत सापडतो. कळ्या भिजतात, काळ्या पडतात, गळतात. एका लग्नाच्या गजऱ्यासाठी वर्षभराच्या वेण्या जातात.

मातीचं तंत्रही उलटं आहे. कावेरीच्या गाळाची माती म्हणजे भातशेतीचं सोनं, पण जुईला ती जड. पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजवते. म्हणून खड्ड्यात नदीची वाळू मिसळायची, वेल उंचवट्यावर लावायची, आणि विहिरीजवळ पण मोरीच्या वाटेत नाही अशी जागा धरायची. ऊन मात्र दिवसभर हवं. सावलीतली जुई पानंच पानं धरते. तांदूळ धुतलेलं पाणी घालतात, शेंगदाण्याची पेंड दोन-तीन दिवस भिजवून आंबवून ते पाणी पातळ करून देतात. रासायनिक खताचं विद्यापीठाचं माप आहे, वर्षाला वेलीमागे ६० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद, १२० ग्रॅम पालाश, दोन हप्त्यांत. त्यातलं नत्राचं प्रमाण निम्मं आहे हे लक्षात घेण्यासारखं. नत्र म्हणजे पाला. आपण कुंडीत युरियाची चिमूट टाकतो आणि वेल हिरवीकंच झाली म्हणून खूश होतो.

कळीला अळी लागते, पोखरलेली कळी जांभळट होऊन वाळते. त्याहून छळणारी कीड म्हणजे डोळ्यांना न दिसणारी कोळी. ती लागली की पानांवर, कळ्यांवर पांढरट लोकर चढते आणि वेल खुरटते. या कोळीला दाद न देणारं जुईचं एक वाण कोइंबतूरच्या विद्यापीठानं निवडून काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘पारिमुल्लै’. नाव ठेवणारा शास्त्रज्ञ रसिक असला पाहिजे. पारी हा संघमकाळातला परंबु डोंगराचा सरदार, दानशूरांच्या यादीतला. रानातून जाताना आधाराविना लोळणारी जुईची वेल त्याला दिसली, आणि तिला चढायला काही हवं म्हणून त्यानं आपला रथ तिथेच सोडून दिला, अशी कथा तमिळ शाळकरी पोराला पाठ असते. व्यवहारी माणूस म्हणेल, दोन काठ्या रोवल्या असत्या तर चाललं असतं. पण काठी रोवणाऱ्याची गोष्ट दोन हजार वर्षं कोण सांगणार?

*

कळी खुडायची वेळ सूर्य वर येण्याच्या आधीची. त्या रात्री उमलणारी कळी पहाटे पूर्ण भरलेली असते, पांढरी, टोकदार, अजून गच्च मिटलेली. कालची उमललेली फुलं वेलीवर राहिली असली तर ती तेव्हा गळायच्या बेतात असतात. दोन्हींत फरक करायला उजेड लागत नाही, बोटांना कळतं. खुडलेली कळी दिवसभर ओल्या फडक्यात ठेवली तरी तिचा काटा बिघडत नाही. संध्याकाळी ती आपली आपण उमलते.

उमलते तेव्हाच वास येतो. मिटल्या कळीला वास जवळजवळ नसतोच. गुलाबात सुगंध पाकळ्यांत साठलेला असतो. मोगरा-जाई-जुईचं तसं नाही. ती उमलत असताना सुगंध तयार करत राहतात, आणि देठापासून तोडल्यावरही काही तास तो तयार होत राहतो. फ्रान्समधल्या ग्रास गावच्या अत्तरवाल्यांनी हे ओळखलं होतं. ते काचेवर चरबीचा थर पसरून त्यावर जाईची फुलं मांडून ठेवायचे, फुलं दिवसभर वास सोडत राहायची आणि चरबी तो पीत राहायची. आपल्याकडे कनौज-जौनपूरला तिळाच्या थरांत चमेली घालून फुलेल करत ते याच गुणावर. कुंभकोणमच्या बाईनं ग्रासचं नाव ऐकलेलं नाही, पण तिचा सगळा व्यवहार त्याच गोष्टीवर उभा आहे. फूल वेलीवर ठेवून उपयोग काय, वास तर ते कुठेही करणारच आहे. मग परसात भिंतीला का द्यावा?

भिंतीला नव्हे, पतंगांना, असं निसर्गाचं म्हणणं. रात्री फुलणाऱ्या या वेलींनी सगळी मांडणी लांब सोंडेच्या पतंगांसाठी केलेली असते. अंधारात दिसावा म्हणून पांढरा रंग, लांबून माग लागावा म्हणून वास, आणि मध ठेवायला अरुंद नळी. त्या वासात गोड गंधाच्या द्रव्यांबरोबर इंडोल नावाचं एक द्रव्य असतं, जे एकटं नाकाशी धरलं तर कुजकट घाण येते. किंचित प्रमाणात तेच वासाला भारीपणा आणतं. बंद खोलीत जुईचा गजरा उशाशी ठेवला की काहींचं डोकं दुखतं, ते उगीच नाही. १९६२ साली जाईच्या तेलातून मिथाइल जास्मोनेट वेगळं करण्यात आलं आणि पुढे कळलं की हे द्रव्य जाईपुरतं नाही. किडीनं पान कुरतडलं की अनेक वनस्पती हे सोडतात आणि स्वतःचा बचाव सुरू करतात. म्हणजे आपण ज्याला सुवास म्हणतो त्यातला एक धागा वनस्पतीच्या आरोळीचा आहे.

साप जुईपाशी येतो या समजाबद्दल इथेही विचारून पाहिलं. समज इथेही आहेच. सापाला फुलाच्या वासाचं काही पडलेलं नसतं. पण वासाला पतंग येतात, पतंगांना पाली नि बेडूक येतात, आणि बुंध्याशी वर्षानुवर्षं न कापलेला काटक्यांचा गुंता असला की बेडकाच्या मागं येणाऱ्याला आयती जागा मिळते. दर वर्षी गुडघ्याखाली कापलेल्या वेलीत लपायला काही उरत नाही. छाटणीचा हाही एक फायदा.

गुंफण्याची रीत पाहायची तर दुपारी कोणत्याही तिन्नैवर बसलेली बाई पाहावी. सुई नाही. केळीच्या सोपटाचा ओला धागा, त्यावर दोन कळ्या इकडे तोंड करून, दोन तिकडे, अंगठ्यानं दाबून फास. नजर रस्त्यावर, तोंडानं गप्पा, बोटं चाललेली. कळीला भोक पडत नाही म्हणून ती टिकते, आणि सोपट ओलं असल्यानं सुकत नाही. आपल्याकडे वळेसर बांधतात ते असंच, पण मराठी शहरांत आता सुईदोऱ्याचा गजराच जास्त. जुईबरोबर मरवा, अबोली, दवणा यांचे रंगीत तुकडे गुंफले की त्याला कदंबम् म्हणतात, आणि तंजावरचा कदंबम् तमिळ मुलखात नावाजलेला आहे.

विकतात ते मुळम् या मापानं: कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आपला हातच. माप विकणारणीच्या हाताचं असल्यामुळे लांब हाताची फुलवाली शोधावी असा विनोद गिऱ्हाइकं करतात, आणि फुलवाली तो ऐकून घेते, कारण हात कोपरात किती वाकवायचा ते तिच्याच हातात असतं.

*

कुंभकोणमपासून वीसेक किलोमीटरवर, पापनासम तालुक्यात, वेट्टारु नदीकाठी तिरुक्करुगावूर आहे. जुईची वेल हाच तिथला स्थलवृक्ष, आणि देवाचं नावच मुल्लैवननाथर, जुईच्या वनाचा स्वामी. लिंग वारुळाच्या मातीचं मानतात, म्हणून त्यावर पाण्याचा अभिषेक होत नाही. अंगावर जुईची वेल वेढून गेल्याच्या खुणा आहेत असं सांगतात. पण भाविकांची रीघ असते ती देवीकडे. तिचं नाव गर्भरक्षांबिका. एका ऋषिपत्नीचा शापानं गळालेला गर्भ तिनं घटात जपला अशी कथा. मूल हवं असलेल्या बायकांना इथे मंतरलेलं तूप देतात आणि दिवस गेलेल्यांना एरंडेल, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून. तंजावरी मराठी घरांतूनही गर्भारशीच्या नावानं इथे येणं होतंच.

या परिसरात पाच अरण्यक्षेत्रं मानतात, पाच निरनिराळ्या वनांची. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत एकाच दिवसात पाचही ठिकाणी पूजा करायची अशी यात्रा आहे. तिरुक्करुगावूर त्यात पहिलं, उषःकालाचं. संध्याकाळी उमलणाऱ्या वेलीच्या देवाला पहाटेची वेळ का दिली, हा प्रश्न मला पडला होता. शास्त्रार्थ काहीही असो, परसातल्या बाईला तो पडणार नाही. तिची जुईशी गाठ पहाटेच पडते.

जुई, पहिलटकरीण आणि वाट पाहणं ही सांगड इथे फार जुनी आहे. संघम काव्यशास्त्रात मुल्लै हे एका भूप्रदेशाचं आणि एका भावाचं नाव: कुरणं आणि रान, पावसाळा, संध्याकाळ, आणि नवरा परत येईल म्हणून धीरानं थांबलेली बायको. ‘मुल्लैप्पाट्टु’ नावाचं १०३ ओळींचं दीर्घकाव्य याच भावावर आहे, आणि त्याचा कवी नप्पूदनार हा कावेरीच्या मुखाशी वसलेल्या कावेरीप्पूम्पट्टिनमच्या सोन्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्यात घरातल्या वृद्ध बाया संध्याकाळी वेशीबाहेर जाऊन धान्य आणि उमलती जुई वाहतात, आणि कानावर चांगला शब्द पडतो का म्हणून थांबतात. शकुन ऐकायला फुलं घेऊन जाणाऱ्या या म्हाताऱ्या मला मराठीच वाटल्या.

आपल्याकडे डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरतात. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळे कळ्यांचे. तमिळ घरात गर्भारशीला फुलं माळण्याचा समारंभ असतो, आणि तंजावरी मराठी घरात दोन्ही रीती एकमेकींत इतक्या मिसळल्यात की कुठली कुठून आली हे शोधण्यात अर्थ नाही. लहान मुलींसाठी आणखी एक थाट असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत फुलांचा भर असतो तेव्हा मुलीच्या वेणीवर कळ्या शिवून अख्खी वेणी पांढरी करतात आणि तिला फोटो स्टुडिओत नेतात. फोटो पुढून काढला तर वेणी दिसणार नाही, म्हणून मागे आरसा. तमिळनाडूतल्या कितीतरी घरांत भिंतीवर असा फोटो आहे: समोर अवघडलेली मुलगी, आरशात तिची फुलांची पाठ.

*

आता परसू कमी होत चाललंय. लांबट घरं पडून तिथे लॉज आणि इमारती उभ्या राहतात. महामहम् तलावाच्या आसपास तर जागेला भलताच भाव. वेल गच्चीवर गेली आहे, निळ्या प्लास्टिकच्या ड्रमात. तक्रार करण्यासारखं त्यात फारसं नाही. गच्चीवर ऊन दिवसभर असतं, पाणी साचत नाही, आणि मांडव हव्या त्या उंचीचा करता येतो. ड्रमातली जुई परसातल्या जुईपेक्षा कमी फुलते, पण घरातल्या दोघी-तिघींच्या वेण्यांना पुरते.

ज्यांना खुडायचं नाही, नुसतं फुलताना बघायचं आहे, त्यांच्यासाठी दुसऱ्या वेली आहेत. मधुमालती म्हणजे इथली रंगून मल्ली. संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. पांढरी असताना रात्री पतंग, रंग चढल्यावर दिवसा मधमाश्या. कशीही कापा, कुठेही लावा, मरत नाही. माझ्या मते म्हणूनच तिचं कुणाला कौतुक नाही. गुलचांदणी त्याहून नाट्यमय. बी कठीण, कानशीनं जरा घासून रात्रभर भिजवलं की रुजतं. दिवेलागणीला तिचं ताटलीएवढं पांढरं फूल डोळ्यांदेखत, काही मिनिटांत उलगडतं आणि सकाळी मिटतं. मूळची ही अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातली. तिथल्या प्राचीन लोकांनी साडेतीन हजार वर्षांपूर्वी या वेलीचा रस एका झाडाच्या चिकात मिसळून उसळणारा रबरी चेंडू बनवला होता. वास तिचा मंद. आणि ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणून मध्यरात्री आरती करतो ते निवडुंगाच्या जातीचं आहे, हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळंच. पण त्यावर दिवाळी अंकात दर वर्षी कुणी ना कुणी लिहितंच, मी थांबतो.

जुई लावायची असेल तर मुंबईकरांना माटुंगा जवळ आहे. तिथल्या तमिळ फुलवाल्यांकडे सोपटात गुंफलेली जुई मिळते, तीही हाताच्या मापानं. एकदा ती आणावी म्हणजे काय पिकवायचंय ते कळतं. रोप पावसाळ्यात लावावं, दाब कलम केलेलं असलं तर उत्तम. पहिल्या वर्षी फुलांची आशा धरू नये. मांडव हाताला लागेल एवढाच ठेवावा. छाटणीचं वेळापत्रक आपल्या पंचांगाला सोयीचं आहे: संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला फुलं लागतात, तेव्हा वेलीला हात लावू नये, नुसतं पाणी कमी करत जावं. रथसप्तमी उरकली की धारदार कात्री घेऊन सरळ गुडघ्याखाली. घरातले ओरडतील. कापलेल्या काड्यांतल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पाच-सहा निवडून सावलीत वाळूच्या कुंडीत खोचून ठेवाव्यात, कारण मे महिन्यात जुई फुलली की शेजारीण काडी मागायला येते, आणि तोवर वेलीला कात्री लावायचे दिवस गेलेले असतात.